तिबेटचा राजा आणि विकतचं पाणी

पन्नासच्या दशकात मी कुवेतमध्ये हिशेबनीस होतो. शहरातल्या मिरकाब वस्तीतल्या खोलीत माझ्याबरोबर राहणारे गृहस्थ पूर्वी सोलापुरात इतिहास शिकवत. इथे आमच्याच तेलकंपनीत कारकून होते. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पेशवाईत त्यांना रस नव्हता. नवव्या शतकातल्या तिबेटच्या एका राजात होता. का, ते मला कधी कळलं नाही.

तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी संमेलनासाठी त्यांनी त्या राजावर नाटक लिहिलं. राजा गादीवर येतो, बौद्ध मठ बंद पाडतो, भिक्षूंना हाकलतो. एक भिक्षू आपल्या पांढऱ्या घोड्याला काजळी फासतो, रुंद बाहीत धनुष्य लपवून येतो आणि राजाला बाण मारतो. पळताना घोडा नदीत घालतो. काजळी धुऊन जाते. शिपाई काळा घोडा शोधत बसतात.

राजाचं काम रत्नागिरीकडच्या एका मुसलमान कापडवाल्याला मिळालं, कारण रेशीम त्याच्याकडेच होतं. घोडा मिळेना, म्हणून पाणी विकणाऱ्या इराणी म्हाताऱ्याचं पांढरं गाढव आणलं.

"रंग निकलेगा ना?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तिबेट में निकला था," मास्तर म्हणाले.

मीना अल-अहमदी या तेलबंदरावरच्या आमच्या एका इंजिनिअरने काजळी नीट बसावी म्हणून तीत ग्रीस मिसळलं.

प्रयोग बरा चालला होता. राजा रेशीम सांभाळत हळूच मेला. मग नदी म्हणून गाढवावर विकतच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. गाढव काळंच राहिलं. शिपायांनी थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि नाइलाजाने भिक्षूला धरलं.

"सोडा त्याला!" मास्तर आतून ओरडले. "तो सापडलेला नाही!"

लोक इतके हसले की मेलेला राजाही उठून बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही साबण आणि रॉकेलने गाढव घासलं. ते राखाडी झालं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"यह मेरा नहीं."

गाढवाने मात्र त्याच्या खांद्यावर तोंड टेकलं. तो ते घेऊन गेला.

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कापडवाला सुरमईचं कालवण घेऊन आमच्या खोलीवर आला. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तो त्यांच्या पायाशी बसला.

"मास्तर, मी मेल्यावर माझ्या पोरांचा काय झाला?"

मास्तर वळले. चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला.

"दोघं गादीसाठी भांडले. राज्याचे तुकडे झाले. पुन्हा तसं राज्य उभं राहिलं नाही."

कापडवाल्याने विचार केला.

"म्हंजे मी होतो तवर बरा चाललेला."

"तुम्हीच सगळं मोडायला घेतलं होतंत," मास्तर उठून बसत म्हणाले. "ऐका, सुरुवातीपासून सांगतो."

मी भात वाढला. बोलता बोलता मास्तर दोनदा जेवले.