मेंढीचे वरचे दात

म्हाळूला पुस्तकांचा मनस्वी राग, आणि तरी पुस्तकावाचून त्याला घास गिळवत नसे. लिंबागणेशच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला वसलेल्या गावात शंभरावर मेंढरं वळणारा हा गडी. शिक्षण सातवी. वाचनालयातून आणलेलं पुस्तक तो पटक्याच्या घड्यांत खोचून डोक्यावर मिरवायचा, कारण पिशवीत ठेवलं की मेंढ्या खायच्या. एकदा एक प्रेमकथा मेंढीनं अर्धी खाल्लीच. म्हाळूनं वाचनालयाच्या वहीत लिहून टाकलं, "मेंढीला दोन दिवस हगवण लागली. मला वाचूनच लागली होती."

ही वही म्हणजे गावाची करमणूक. वाचनालय सांभाळणाऱ्या सत्यशीलानं नियम केला होता, की पुस्तक परत करताना त्याबद्दल दोन ओळी लिहायच्या. बाकीचे 'छान आहे' एवढं खरडून सुटायचे. म्हाळूच्या ओळी वाचायला मात्र पारावरची माणसं उठून यायची. स्वयंपाकाच्या पुस्तकावर त्यानं लिहिलं होतं, "पिठल्यात साखर घाला म्हणते. या बाईला कुणी उपाशी ठेवलेलं दिसत नाही." यशस्वी कसं व्हावं या पुस्तकावर, "पहाटे चारला उठा म्हणतो. तीस वर्षं उठतोय. पुढं काय?" भुताच्या कादंबरीवर, "मी जन्मभर रानात झोपलो. भूत नाही. गोचिड्या आहेत. त्यांच्यावर कुणी लिहीत नाही."

पण खरा तिटकारा खुनाच्या कादंबऱ्यांचा. खुनी कोण ते त्याला तिसाव्या पानाच्या आतच कळायचं.

"तात्या, कसं वळखता तुमी?" सत्यशीला विचारायची.

"अगं, कळपात पिकात तोंड घालणारी मेंढी असती ना, ती सगळ्यात गरिबावानी चालती. पुस्तकात जो उगीच समद्यांला चहा पाजत हिंडतो, तोच खुनी. थू! लिवणाऱ्याला मेंढराएवढी बी अक्कल न्हाई."

असा सगळा मजेचा कारभार चालू असताना सुंदररावांनी कादंबरी लिहिली.

सुंदरराव म्हणजे गावचे मोठे जमीनदार. पंचायत समितीला दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले. पडलेला पुढारी घरात बसला की घराचे हाल. बायकोनं, वच्छलाबाईंनी, हात जोडले, "आता कुठंतरी मन रमवा, पण सैपाकघरात येऊ नका." म्हणून ते माडीवर बसून लिहीत गेले आणि 'मनगटावरचे व्रण' ही रहस्यकथा छापून आली. पन्नास प्रती त्यांनी वाचनालयाला दिल्या. रविवारी प्रकाशन ठरलं. सत्यशीला पहिली प्रत घेऊन म्हाळूकडं गेली आणि निरोप दिला, "मालकांनी सांगितलंय, वाचकांच्या वतीनं म्हाळूनं बोलायचं. चार शब्द चांगले."

चांगले शब्द बोलणं म्हाळूला भाग होतं. दरसाल बाजरी निघाली की त्याच्या मेंढ्या दीड महिना सुंदररावांच्या वावरात बसायच्या. लेंड्या-मुताचं खत मालकाच्या जमिनीला, आणि त्याच्या बदल्यात जवारी म्हाळूच्या कणगीला. त्या जवारीवर त्याचं घर उन्हाळाभर भाकरी खायचं. मेंढ्यांना धाटं-पाला मिळायचा तो वेगळाच.

म्हाळूनं पुस्तक दीड दिवसात वाचलं आणि टेकाडावरून खाली भिरकावलं. भाकरी घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, ते उचललं, झटकलं.

"काय झालं अवं? ह्या बी खेपंला खुनी आधीच घावला का?"

"खुनी घावला असता तर बरं झालं असतं! ऐक. गावच्या डाक्टराचा खून हुतो. त्याच्या मनगटावर चावा. वर बी दातांची रांग, खाली बी दातांची रांग. शहरातला हुशार अधिकारी येतो, भिंग लावतो आन म्हणतो, हा मेंढीचा चावा हाय! म्हंजे इथं धनगर आलता. आन त्या बिचाऱ्याला फाशी देतेत गं, फाशी!"

बायडाबाई हसता हसता खाली बसली. तिनं जवळची मेंढी ओढली, ओठ वर केला. खाली दात, वर पुढं नुसती गुलाबी हिरडी. मेंढीला वरचे पुढचे दात नसतात हे धनगराच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक.

"आन त्या धनगराजवळ कुत्रं सुदीक न्हाई!" म्हाळू ओरडला. "बिनकुत्र्याचा धनगर बघितला का कुणी?"

बायडाबाईचं हसू थांबलं. "हे बगा, गोष्टीतला धनगर मेला. तुमी जित्ते हाव. रविवारी 'लई चांगलं हाय' म्हणा आन पेढा खाऊन या. जवारी लागती घरात."

रविवारी वाचनालयापुढं मांडव पडला. बीडहून पाहुणे आले. भाषणं झाली, ज्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं ते जास्त वेळ बोलले. मग म्हाळूचं नाव पुकारलं. तो माईकपुढं उभा राहिला. समोर सुंदरराव फेटा बांधून प्रसन्न बसलेले. म्हाळूनं 'लई चांगलं हाय' म्हणायला तोंड उघडलं, आणि ऐनवेळी शब्द वळवले.

"मालक," तो म्हणाला, "पुस्तकाचा कागद लई चांगला हाय."

लोक हसले. सुंदररावही हसले. तिथंच थांबता आलं असतं.

"पण तुमी माणूस खोटा मारला. मेंढीला वर पुढं दातच नसतेत. ज्या दातापायी त्याला फाशी दिली ते दात देवानं केलेच न्हाईत!"

सुंदररावांचा चेहरा लालेलाल झाला.

"ए म्हाळ्या, कादंबरी हाय बे ती! कल्पनेनं लिवतेत. खरंच असायला पायजे का समदं?"

"खोटं लिवा की, कोण न्हाई म्हणतं? पण फाशी देताना तरी दात बघून द्या!"

पुढची पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणी मोबाईलवर चित्रण केलं, कुणी मांडवामागं बांधलेली मेंढी धरून तिच्या तोंडात उजेड पाडला. पाहुणे पेढे न खाताच गेले. संध्याकाळी निरोप आला, की औंदा वावरात मेंढ्या आणायच्या नाहीत.

बायडाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते न बोलती तर बरं, असं. म्हाळूनं मेंढ्या घेतल्या आणि आष्टीच्या बाजूला निघून गेला. तिकडची वावरं अनोळखी. एका ठिकाणी हाकललं, एका ठिकाणी जवारीऐवजी सरकीची ढेप देऊ केली. रात्रंदिन तो त्या कादंबरीला शिव्या घालायचा. मग स्वतःलाही घालायचा, की मेल्या, पेढा खाल्ला असतास तर काय बिघडलं असतं.

दोन महिन्यांनी परतला तर सत्यशीलानं वही पुढं केली. 'मनगटावरचे व्रण'खाली एकाखाली एक ओळी होत्या. "मेंढी पाहिली. दात नाहीत." "आमची शेळी पाहिली. तिलाही नाहीत." "मामाच्या गावची पाहिली. नाहीत." आयुष्यात पुस्तक न उघडलेल्या माणसांनी पन्नासच्या पन्नास प्रती नेल्या होत्या आणि दारची जनावरं तपासली होती.

दुसऱ्या दिवशी टेकाडावर सुंदरराव एकटेच आले. त्यांनी एक मेंढी धरली, तोंड उघडलं, आत बोट घातलं. मेंढीनं रवंथ केलेला हिरवा लगदा त्यांच्या तळहातावर ओकला. त्यांनी नाक मुरडून हात धोतराला पुसला आणि दगडावर बसले.

"मग बे," ते हळूच म्हणाले, "खून केला कुणी?"

"मला कावून इचारता? लिवलं तुमी."

"लोक इचारायलेत. बायको बी इचारायली. दुसरी आवृत्ती काढायची हाय, आन मलाच सापडंना झालंय."

म्हाळूला जरा दया आली. "मालक, वर बी दात, खाली बी दात, आन चावा जनावराचा. म्हंजे कुत्रं. तुमच्या पुस्तकात कुत्रं एकच हाय. धनगराला तुमी दिलंच न्हाई. जे हाय ते पान चाळीसवर, साखळीला बांधल्यालं. त्या मोठ्या जमीनदाराचं. जो समद्यांला चहा पाजतो, तोच."

सुंदररावांनी खालच्या आपल्या वावराकडं बघितलं. मेंढ्या न बसल्यानं वावर उजाड, पांढरं फटक पडलं होतं.

"जमीनदाराला फाशी द्यायची?" त्यांनी तोंड असं केलं, जणू लगदा हातावर नाही, तोंडातच पडलाय. "थू! घाण पुस्तक हुईल बे ते."

"घाणच हाय," म्हाळू म्हणाला. "पण खरं हुईल."

सुंदरराव उठले. चार पावलं गेले, थांबले, आणि मागं न बघताच ओरडले, "सोमवारी आण मेंढ्या! आन तुझं कुत्रं बी आण. जबडा बघायचाय मला."