वॉल्ट्झच्या आधीचा आठवडा

जोडीदार असल्याशिवाय प्रवेश नाही, असं नाचाच्या क्लासवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं आणि अक्कानं मला धरलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धारवाडच्या एका कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवून निवृत्त झालेली. भावजी जाऊन काही वर्षं झाली होती. मी धारवाडच्या कोर्टात वकील. नाचाशी माझा संबंध गणपतीच्या मिरवणुकीत कडेकडेनं चालण्यापुरता.

"या वयात तुला वॉल्ट्झ कशाला?" मी विचारलं.

"या वयात म्हणूनच. भरतनाट्यमला गुडघे लागतात. याला नुसता कुणाचा तरी हात लागतो."

मी आशेनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी तीस वर्षं तुमच्या घरच्यांच्या तालावर नाचतेय. आता तुम्ही नाचा."

क्लास रविवारी संध्याकाळी, हुबळीत उणकलला. तयारीला आठवडा होता आणि अक्कानं त्यातला एकही दिवस वाया जाऊ दिला नाही. रोज सकाळी ती आमच्या गच्चीवर हजर. पाण्याच्या टाकीला धरून टाचा उचलायच्या, खांदे सैल सोडायचे. मग माझ्या डोक्यावर पोळपाट ठेवून ती मला या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालवायची. "ताठ! जज्जसाहेबांसमोर वाकतोस तसा वाकू नकोस."

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई बघत होत्या. "एनात्रि वकीलर, कुत्तिगी नोवेनु?" मान दुखते का, असं त्यांनी काळजीनं विचारलं. मी होय म्हणून टाकलं. संध्याकाळी त्यांनी तेलाची बाटली पाठवली.

बुटांसाठी सुभाष रोडला गेलो. दुकानदार म्हणाला, "वॉकिंगला का?"

"नाचायला," अक्का म्हणाली.

"मग घुंगरू पलीकडच्या दुकानात मिळतील."

अक्कानं त्याला घर्षणावर छोटंसं व्याख्यान दिलं आणि रबरी तळव्याचे सगळे जोड बाजूला सारले. तिला हवे तसे मिळाले. मला मात्र कोर्टातलेच काळे बूट चालतील म्हणाली, कारण त्यांचा तळवा झिजून गुळगुळीत झाला होता.

शनिवारी दुपारी मनाची तयारी. तिनं मला खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावले. "मोठा हॉल आहे. मंद संगीत चाललंय. काय दिसतं?"

"आमच्या बारमधले सगळे वकील. ओळीनं बसलेत."

"त्यांना बाहेर काढ."

"जात नाहीत गं."

"मग बसू देत. तू त्यांच्याकडे पाठ कर."

रविवारी पोट हलकं हवं म्हणून भाकरी बंद. उपीट खाऊन आम्ही बसनं निघालो. बसमध्ये नेमका माझा एक पक्षकार भेटला. "वकीलसाहेब, कुठं दौरा?" मी म्हणालो, "जरा काम आहे." अक्कानं खणखणीत आवाजात दुरुस्ती केली, "नाचाच्या क्लासला." बस हुबळीच्या वाटेला लागली तरी तो माणूस माझ्याकडं टक लावून बघत होता. त्याला वकील बदलावासा वाटला असेल, तर त्यात त्याची काही चूक नव्हती.

उणकलला नव्या इमारतींच्या रांगेत एका बेकरीच्या वर क्लास होता. जिन्यात गाण्याचे सूर ऐकू येत होते. अर्ध्या जिन्यात अक्का थांबली.

"परत जाऊ या," ती म्हणाली.

"गुडघा दुखतोय का?"

"नाही." तिनं कठडा घट्ट धरला होता. "हे गेल्यापासून माझा हात कुणी धरलेला नाही रे. दवाखान्यात नाडी बघायला धरतात, तेवढाच. वर गेल्यावर मला रडू आलं तर?"

आठवडाभर मी 'परत जाऊ या' एवढंच ऐकायची वाट बघत होतो. पण आता ऐकलं आणि पाय मागं फिरेना. वकिलाला सुचतं तेच बोललो. "मी आज तारीख घेणार नाही. दे हात."

तिनं हात दिला. उरलेल्या पायऱ्या आम्ही तसेच चढलो.

आत भिंतभर आरसा होता आणि सगळी जोडपी तरुण. "बर्री, बर्री," या, या म्हणत बाईंनी आम्हाला मधोमध उभं केलं. पहिल्याच वळणावर मी अक्काच्या नव्या बुटावर उभा राहिलो. ती ओरडली नाही. वजन कोणत्या पायावर असताना वळावं, हे तिनं मला समजावलं आणि मग बाजूच्या जोडप्यालाही. बाईंनी गाणं थांबवून तिला ते सगळ्यांसाठी पुन्हा सांगायला लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पुरता वर्गातला होता.

मग बाई जोडीदार बदला म्हणाल्या. एका उंचच उंच तरुण इंजिनिअरनं अक्कासमोर अदबीनं हात पुढं केला. ती गेली. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. "तो पोरगा बरा नाचतो," ती म्हणाली. "त्याची बायको पुढच्या रविवारी गावाला जातेय. तेव्हा तू नाही आलास तरी चालेल."

"वा! असं कसं?" मी म्हणालो. "मला अजून डावीकडे वळता येत नाही."