तपासनीस मामांनी बदललेला प्रश्न

तपासनीस मामा कोणतेही कापड आधी उजेडासमोर धरीत. पलंगावरची चादर, खिडकीचा पडदा, डॉक्टरांचा एप्रन, कशाचीही सुटका नव्हती. डाव्या हाताचा अंगठा कापडावरून सावकाश सरकत जाई, एका जागी थांबे आणि मग निर्णय येई, "इथं धागा तुटलाय." आमच्या विभागप्रमुखांच्या नव्या कोऱ्या एप्रनमध्ये त्यांनी दोन गाठी आणि खिशाखालचा तेलाचा एक पुसट डाग शोधून दाखवला होता. प्रमुखांनी तो एप्रन पुन्हा घातल्याचे मला आठवत नाही. माझी ओळख त्यांनी माझ्या ओढणीवरून करून घेतली, तीही हात न लावता, चार पावलांवरून. "मॅडम, ही सेकंडातली, दोषाच्या मालातली. दादरला घेतली ना? फ्रेश म्हणून दिली असणार."

ओढणी दादरचीच होती.

ब्याऐंशीच्या संपाआधीची वीस वर्षे ते एका गिरणीच्या घडी खात्यात कापड तपासत असत. विणून आलेला कापडाचा ताका उतरत्या फळीवरून ओढायचा, दोष दिसला की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा आणि पुढे जायचे, एवढेच काम. संप कधी संपला हे जसे कोणालाच नीट सांगता येत नाही, तसेच मधली चार-पाच वर्षे मामांनी काय केले हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. "इकडं तिकडं," म्हणत. मग परळच्या एका मोठ्या रुग्णालयात ते बाह्यरुग्ण विभागाचे शिपाई झाले. रुग्णालयात प्रत्येक शिपाई मामा असतो. यांच्या नावामागे जुने काम तेवढे चिकटून राहिले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला मोजता न येणारी गोष्ट जगात शिल्लक नाही, अशी माझी समजूत होती. मूल न होणाऱ्या स्त्री-पुरुषांची जीवनगुणवत्ता मोजणे हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. परदेशात तयार झालेली एक प्रश्नावली मी मराठीत आणली होती. झोप, मनःस्थिती, नवरा-बायकोचे संबंध, नातेवाइकांचे बोलणे, अशा प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. उत्तरांची बेरीज केली की शून्य ते शंभरमधला एक आकडा. मूल न होणाऱ्यांचा तपासणीचा वार शुक्रवार होता. त्या दिवशी येणाऱ्या बायकांना सारा मजला नुसते 'शुक्रवारवाल्या' म्हणे. दुसरा शब्द कोणी उच्चारत नसे.

मामांनी माझा फॉर्मही उजेडासमोर धरला होता. "कागद चांगलाय," ते म्हणाले. "पण शेवटी एकच आकडा?"

"हो. म्हणजे तुलना करता येते."

"तुलना आम्हीपण करायचो. पण चाळीस वार ताक्यात एक डाग असला तर दोरा डागापाशी बांधायचो. बाकीचं कापड कापडच असतं, मॅडम. डाग कुठं ते सांगा. सगळा ताका कशाला खराब म्हणता?"

मी त्यांना उपगुणांक, म्हणजे प्रत्येक भागाचे वेगळे गुण, समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा आणायला गेले.

अडचण पुरुषांची होती. प्रबंधात निम्मे पुरुष हवे होते आणि ते वर येतच नसत. बायकोला जिन्यापर्यंत सोडून फाटकापाशी उभे राहत, जणू दुसऱ्याच कोणाची वाट पाहत आहेत. चुकून एखादा आलाच तर माझ्यासारख्या बिनलग्नाच्या मुलीसमोर तोंड उघडत नसे. हे काम मामांनी अंगावर घेतले. मी त्यांना तीन नियम पाठ करून घेतले: प्रश्न लिहिला आहे तसाच वाचायचा, अर्थ सांगायचा नाही, उत्तर सुचवायचे नाही. चादरींच्या खोलीत एक बाकडे टाकून ते दर शुक्रवारी माणसे पकडून आणू लागले. "चला शेठ, पंख्याखाली बसा, फुकट आहे," हा त्यांचा आवाज मला दालनाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येई.

साठेक फॉर्म जमले आणि ते देखणे होते. एकही प्रश्न रिकामा नाही, उत्तरे पाचही पर्यायांत पसरलेली. माझ्या मार्गदर्शक बाई सहसा कौतुक करीत नसत. त्या म्हणाल्या, "पुरुष इतकं बोलतात हे मला माहीत नव्हतं." मलाही नव्हते. याचा मला संशय यायला हवा होता. मला अभिमान वाटला.

प्रबंध द्यायला दीड महिना उरला असताना मी कोरे फॉर्म घ्यायला म्हणून चादरींच्या खोलीकडे गेले. डिलाईल रोडवर शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक गृहस्थ बाकड्यावर बसला होता. मामा चष्मा नाकावर ओढून वाचत होते, "मूल नसल्यामुळे मिसेसना चारचौघांत एकटं वाटतं का?"

माझ्या फॉर्मवर 'तुम्हाला' होते. मी दारातच थांबले. तो गृहस्थ म्हणाला, "नेहमी. लग्नाच्या पंगतीतपण वाटतं. मग ती जेवण टाकून हात धुवायला जाते, ती परत येत नाही." मामांनी पाचव्या पर्यायावर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. त्यातही मिसेसच होत्या.

तो गेल्यावर मी दार लावले. "मामा, तुम्ही प्रश्न बदललात?"

"बदलला नाही. जरा सरकवला."

"सगळ्यांना?"

"पहिल्या आठ जणांना तुमचाच वाचला. झोप? बरी आहे. मन? बरं आहे. घरी? बरं आहे. आठच्या आठ बिनडागाचे ताके. नववा उठून निघाला तेव्हा मी म्हटलं, अरे, स्वतःचं नको, निदान मिसेसचं तरी सांग. तो बसला. पाऊण तास बसला. जाताना माझ्याच रुमालाला डोळे पुसून गेला."

"पण ही माहिती पुरुषांची नाही. बायकांबद्दलची आहे. माझा अर्धा प्रबंध गेला, कळतंय का तुम्हाला?"

मामांनी चष्मा काढला. "बोलला कोण? पुरुष बोलला. बायको तिकडं ओपीडीत होती."

"मग हे उत्तर कोणाचं धरायचं मी?"

"ते तू शिकलीस ना, बाय. मी घडी खात्यातला माणूस."

एरवी मी 'मॅडम' होते. मी चिडले होते, आणि चिडले की मी प्रयोग करते. मामा आणि मामी करी रोडला राहतात आणि त्यांना मूल नाही, एवढे मला विभागातल्या सिस्टरकडून कळले होते. मी म्हटले, "ठीक आहे. मामा, तुमचं कसं आहे?"

"बरं आहे."

"आणि मामींचं?"

ते हसतील असे मला वाटले होते. त्यांनी एक चादर मांडीवर घेतली आणि तिचा काठ चाचपत बोलू लागले. मामी बारशाला जात नाहीत. शेजारणीच्या हाती कुंची पाठवतात आणि तो दिवस दादरला समुद्रावर बसून काढतात. समोरची शाळा सुटायची वेळ झाली की रस्त्याकडची खिडकी लावून घेतात. गणपतीत गावी जायचे टाळतात, कारण गावी सगळे पोरांची उंची विचारतात. शेवटी ते म्हणाले, "संपात शेजारची पोरं पेज पिऊन शाळेत जायची. काहींची शाळाच सुटली. तेव्हा तिच्या मनात आलं, बरं झालं आपल्याला कोण नाही. एवढंच आलं. पण ते आलं म्हणून ती अजून स्वतःला माफ करत नाही. तुझ्या फॉर्ममध्ये याला कुठला खण आहे?"

खण नव्हता. मी म्हटले की पुढच्या शुक्रवारपासून वाचन बंद.

मार्गदर्शक बाईंना निर्णय घ्यायला दोन मिनिटे लागली. पुरुषांचे सर्व फॉर्म बाद. प्रबंधाच्या शीर्षकातला 'स्त्री-पुरुष' हा शब्द 'स्त्रिया' असा झाला आणि मला पदवी वेळेवर मिळाली. पेढे द्यायला गेले तेव्हा मामांनी एकच चौकशी केली. "माझ्या माणसांचे कागद फाडलेस?"

"नाही. बाजूला ठेवलेत."

"मग आण इकडे." त्यांनी तो गठ्ठा बरोबर केला, खिशातून लाल दोरा काढला आणि मधोमध बांधला. "दोषाचा माल टाकून द्यायचा नसतो. दोरा बघून पुढचा माणूस ठरवतो."

पुढचा माणूस म्हणजे कोण, हे मी विचारले नाही. मला पुण्याच्या नोकरीची घाई होती.

गठ्ठा माझ्याबरोबर दोन घरे फिरला. सात वर्षांनी एका कामासाठी परळला आले तेव्हा मामा मागच्या वर्षी गेल्याचे सिस्टरनी सांगितले. काम आटोपून मी करी रोडला गेले. का गेले, हे मला नीट सांगता येणार नाही. भेटीसाठी कारण लागते असे मानणारी मी बाई आहे आणि त्या दिवशी माझ्याकडे कारण नव्हते.

मामी दारातच शिवण घेऊन बसल्या होत्या. मांडीवर पिवळी कुंची होती. मी नाव सांगताच म्हणाल्या, "ती फॉर्मवाली? ये गो, बस. हे सांगायचे, लय कडक पोरगी."

"कुंची कोणाकडे पाठवायची आहे?" मी विचारले.

"पाठवायची कशाला? उद्या तळमजल्यावर बारसं आहे, मीच नेणार. ह्या चाळीत माझ्याशिवाय पाळणा म्हणतो कोण?"

मी गोंधळले. "मामा म्हणाले होते, तुम्ही बारशाला जात नाही."

"मी?" मामींनी सुई थांबवली. "हेच जायचे नाहीत. बारसं म्हटलं की निघाले दादरला, समुद्रावर. परत आले की पायाला वाळू."

"आणि ती खिडकी? शाळा सुटताना लावायची?"

"ती मी लावते. अजून लावते." त्यांनी खिडकीकडे पाहिले नाही.

म्हणजे एक उत्तर मामांचे होते आणि एक मामींचे. बाकीच्या फॉर्मांतले कोणते कोणाचे, हे विचारल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता आणि साठ घरांत जाऊन विचारणे मला आता शक्य नव्हते. तरीही मी शेवटचे विचारले. संपातले. शक्य तितक्या सौम्य शब्दांत.

मामींनी दोऱ्याला गाठ मारून तो दाताने तोडला. मग म्हणाल्या, "हे बोलले ते तुझ्याजवळ?"

"तुमच्या मनात आलं होतं, असं म्हणाले."

"दोघं बसलो होतो इथंच. कोणीतरी एकानं म्हटलं. दुसऱ्यानं नाही म्हटलं नाही." त्यांनी कुंचीची शिवण नखाने दाबली. "कोणी म्हटलं, ते आता खरंच नाही आठवत गो. हे म्हणायचे, तू नव्हतीस, मीच होतो. मी म्हणायचे, मीच."

त्या वाक्याचे गुणांकन कसे करावे, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. जमले नाही.

चहा झाला. मामींनी माझ्या गळ्याकडे पाहिले. "लग्न झालंय तुझं. किती वर्षं?"

"पाच."

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. सगळे विचारतात; त्या दिवशी सकाळी सिस्टरनीही विचारला होता. मामी सुईत नवा दोरा ओवत एवढेच म्हणाल्या, "तुझं कसं आहे?"

"बरं आहे."

"हं," मामी म्हणाल्या. "आणि मिस्टरांचं?"

त्यांना झोप लागत नाही, मी म्हटले. पहाटे उठून बसतात. माझ्या बहिणीच्या मुलाचा फोटो त्यांनी कपाटात उलटा ठेवला आहे. मी मिस्टरांबद्दलच बोलत होते, निदान सुरुवातीला तरी. मामींनी सुई कापडात खोचली, कुंची बाजूला ठेवली आणि दार अर्धे लोटून घेतले.