खिशातलं कॉलेज

पटापट लिहितेय, कारण साहेब जेवायला गेलेत आणि ऑफिसचा कॉम्प्युटर तासभर माझा आहे. चुका झाल्या तर झाल्या.

आमच्या कामतघर गावात बारावीनंतर मुलींसाठी दोन रस्ते होते. डी.एड. किंवा बी.कॉम. तिसरा पण होता, पण तो सरळ मंगल कार्यालयात जायचा. आणि शहाण्णव साली मी घरात जाहीर केलं की मला नाटक शिकायचंय. साधं पण नाही, गाण्याचं नाटक. म्हणजे गायचं, नाचायचं, बोलायचं, सगळं एकदम, आणि त्याचं म्हणे रीतसर कॉलेज असतं. तीन वर्षांचं, डिग्रीवालं!

आई भाकऱ्या थापत होती. तिचा हात एक सेकंदसुद्धा थांबला नाही. "तव्यावरची उलट आधी," म्हणाली.

पप्पा सरकारी कचेरीत क्लार्क. त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "अर्जाचा नमुना कुठे मिळतो?"

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं ठाण्याच्या एका सरांनी. मे महिन्यात ते दहा दिवसांचं नाट्यशिबिर घ्यायचे, बाकी वर्षभर बँकेत असायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बँकेच्या एका स्लिपच्या मागे तीन चौकोन काढून दिले. "हे बघ. एक आभाळातलं कॉलेज. दिल्ली. अख्ख्या देशातून मूठभर पोरं घेतात. मग दोन आवाक्यातली. मुंबई आणि पुणं. तिथे पण गाऊन दाखवायचं, करून दाखवायचं, मूड त्यांचा. आणि एक खिशातलं. जिथे शंभर टक्के घेतातच. खिशातलं नसेल तर बाकीचे फॉर्म भरूच नकोस."

"आणि खिशातलं निवडायचं कसं?"

"जिथे गेलीस तरी गाता येईल, असं."

मी तेव्हा फार आगाऊ होते. म्हटलं, "सर, तुमचं खिशातलं कुठलं होतं?"

सर हसले. "हे काय, बसलोय ना त्यातच." मग त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि मला बसची वेळ विचारली. मला काही कळलं नाही. मी ती स्लिप घेऊन नाचत घरी.

घरी तीन चौकोनांपैकी पप्पांना एकच दिसला. 'खिशातलं' हा शब्द त्यांना इतका आवडला की ते भाजीवाल्याकडेही वापरायला लागले. रविवारी बैठक बसली. पप्पा, आई, आणि खारबाववरून मुद्दाम बोलावलेला मामा. दिल्ली-मुंबई-पुण्यावर मिळून पाच मिनिटं चर्चा झाली. उरलेली दुपार खिशातलं कुठलं यावर गेली. घरापासून किती लांब? वर्गात मुली किती? अंधाराच्या आत घरी येते का? रिक्षा लागते की चालत? कॉलेजच्या गॅदरिंगला गाणं असतं का, हे मी विचारलं तर कळलं की गॅदरिंगच दोन वर्षं बंद आहे, कारण मागच्या वेळी खुर्च्या उडाल्या होत्या.

"मग बरंय," पप्पा म्हणाले. "शांत कॉलेज आहे."

मामाला वेगळंच कोडं पडलं होतं. "आगो पोरी, नाटकाला कालेज कशाला? आमच्या गावात पोरं आशीच करतात की. पडदा लावला, झालं."

"मामा, शिकावं लागतं ते."

"आन् शिकून नोकरी कुटं?"

"नोकरी तशी नसते..."

"न्हाय ना? मंग!" मामा गुडघ्यावर थाप मारून आईकडे वळला. "ताई, यक वरीस पोर घरी बसली तं लोक विचारतील. वडप्याला पोरगा हाय. हायवेला जागा हाय त्यांची, गोडाऊन बांधतायत. बगू?"

पप्पांनी निकाल दिला, अगदी कचेरीतला आदेश वाचल्यासारखा. "जुलैअखेर कुठेही ॲडमिशन झाली तर ती तिची. कुठेच नाही झाली तर मामाचं बघू."

म्हणजे एवढंच. एक सीट. कुठलीही. नाहीतर वडपे.

आता पप्पांचं काय झालं माहितीये? त्यांना मजा यायला लागली! नाटकाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण फॉर्म! प्रत्येक दाखल्याच्या सहा झेरॉक्स, सहाही अटेस्टेड. पाकिटावर पत्ता स्केच पेनने. रजिस्टर्ड पोस्ट, पोचपावतीसह. दिल्लीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, तुम्हाला रंगभूमीवर का यावंसं वाटतं? मी दोन रात्री विचार केला. सकाळी बघते तर पप्पांनी कच्चा मसुदा करून ठेवलेला: 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मला अभिनयाची आवड आहे. तरी सदर आवडीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' मी हसत बसले. पण खरं सांगू? माझं उत्तर त्याच्यापेक्षा वाईट होतं. त्यात 'आत्म्याची हाक' होती.

रियाज मी मागच्या खोलीत करायचे. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे कापड विणायच्या मागांचा, कारखाना. सकाळची शिफ्ट सुरू झाली की भिंत, भांडी, देवाचा फोटो, सगळं एका ठेक्यात हलायचं. खटाक-खट, खटाक-खट. तबलजी ठेवायची गरजच नव्हती. मी त्या ठेक्यावर गायचे आणि त्याच्या वरून ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडायचे. कारखान्यातले एक चाचा होते, बाहेर बिडी ओढताना मला मार्क द्यायचे. "बिटिया, आज तो आवाज मशीन के ऊपर से आयी. पास!" शुक्रवारी लाइट नाही म्हणून लूम बंद, आणि लूम बंद म्हणून माझा रियाजही बंद. मला कधी वाटलंच नाही की यात काही गडबड आहे.

गडबड मुंबईत कळली. दिल्लीवाल्यांची पहिली चाचणी तिथेच होती. हॉल एवढा शांत की पंख्याचा आवाज येत होता. समोर तीन लोक. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीला मधल्या बाई मागे सरकल्या. खुर्चीसकट. "बेटा," त्या म्हणाल्या, "हम सामने ही बैठे हैं." मी आवाज खाली आणला तर लयच सापडेना. ठेका देणारी भिंतच नव्हती ना! दुसरं कडवं मी पहिल्याच्या दुप्पट वेगाने संपवलं, पकडून आणलेल्या चोराने कबुली द्यावी तसं. आभाळातलं गेलं.

मुंबईचं आवाक्यातलं त्याच पद्धतीने, पुढच्या आठवड्यात गेलं. त्यांनी निदान पत्र पाठवलं, तीन ओळींचं. पप्पांनी ते फाइलला लावलं.

मग डी.एड.ची यादी लागली. हो, तोही फॉर्म भरला होता, डबल खिसा म्हणून. यादी माझ्या टक्क्यांच्या कितीतरी वरच बंद झाली होती. पप्पा यादीसमोर उभे राहून खूप दुखावले. "दिल्लीवाल्यांचं समजू शकतो. पण यांनी? यांनी तुझं गाणं तरी कुठे ऐकलंय?"

तरी घरात कोणी घाबरलं नव्हतं. कारण खरं खिशातलं होतं घराजवळचं कॉलेज, बी.कॉम. आणि तिथले हेडक्लार्क म्हणजे पप्पांचे वर्गमित्र. ते आमच्याकडे पोहे खाऊन गेले होते आणि हात हलवत म्हणाले होते, "वहिनी, आपलंच कॉलेज आहे. पोरीचं दिल्ली-पुणं उरकू दे. फॉर्म काय, कधीही द्या."

तो फॉर्म पप्पांनी सगळ्यात आधी भरला होता. सहा झेरॉक्स, सहा अटेस्टेड. आणि कपाटाच्या खणात ठेवला होता. जे फॉर्म नाकारले जाणार होते ते पोचपावतीसह वेळेआधी पोचले. जो नक्की मंजूर होणार होता तो कपडे धुवायच्या साबणाच्या वड्यांशेजारी पडून होता. आमच्याकडे हे असंच चालतं. परक्याकडे जायचं तर इस्त्री, आपल्या माणसाकडे बनियनवर.

त्या फॉर्मची शेवटची तारीख आणि पुण्याची चाचणी एकाच दिवशी आली.

"आधी तो देऊन या," आई आदल्या दिवशी तीनदा म्हणाली.

"अगं, आपला माणूस आहे तो."

"माणूस आपला आहे. तारीख आपली आहे का?"

पप्पांनी ऐकलं नाही. पहाटेची एसटी पकडून आम्ही पुण्याला.

पुण्यात पण तसाच शांत हॉल. समोर दोन सर आणि एक बाई. मी म्हटलं, "टेबल वाजवलं तर चालेल का?" ते म्हणाले वाजव. मी बोटांच्या पेरांनी सुरू केलं, खटाक-खट, खटाक-खट, आणि डोळे मिटून गायले. यावेळी कोणी मागे सरकलं नाही. संपल्यावर एका सरांनी विचारलं, "हा ठेका कुठला?"

"शेजारच्या लूमचा."

तिघं हसले. चांगलं की वाईट, काही कळेना. संध्याकाळी बोर्डावर नाव लागलं: वेटिंग लिस्ट, चौथा नंबर.

"चौथा म्हणजे?" पप्पा.

"म्हणजे तिघं वारले तर."

"असं बोलू नये," पप्पा म्हणाले, पण ते पण तोच हिशोब करत होते हे तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऐटीत घराजवळच्या कॉलेजात गेलो. खिडकीत नवीनच तरुण क्लार्क.

"तारीख काल संपली."

"साहेबांशी बोलणं झालंय," पप्पा म्हणाले.

"कुठल्या साहेबांशी?"

पप्पांनी वर्गमित्राचं नाव घेतलं.

"ते रजेवर. मुलीच्या लग्नाला गावी गेलेत. सीटा फुल्ल झाल्या, काका."

"अहो, मी पण क्लार्क आहे!"

"मग तुम्हाला तर माहीतच असेल," तो पोरगा म्हणाला आणि फॉर्म परत सरकवला. सहाच्या सहा अटेस्टेड.

पप्पा त्या खिडकीसमोर जसे उभे होते तसं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ते खिडकीच्या आत बसलेले. पहिल्यांदाच बाहेर होते. माझ्या मनात, मी खोटं बोलणार नाही, आनंदाची एक छोटीशी उकळी फुटली. मग वडपे आठवलं आणि ती विझली.

पुढचे पंधरा दिवस घरात कोणी 'खिशातलं' म्हटलं नाही. मामाचा शेजाऱ्यांच्या फोनवर फोन आला. आई मला फोटो काढायला घेऊन गेली. तोच स्टुडिओ जिथे मी फॉर्मसाठी पासपोर्ट साइज काढले होते. फोटोग्राफरने पडदा खाली घेता घेता विचारलं, "कॉलेजचा की दाखवायचा?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"दाखवायचा," आई म्हणाली. त्याने काश्मीरचा पडदा लावला. त्या फोटोत मी साडी नेसून दल सरोवरासमोर उभी आहे आणि चेहरा असा की सरोवरात उडी टाकायचीय.

फोटो मामाकडे पोचायच्या आधी, गुरुवारी, पुण्याचं पत्र आलं. वेटिंग उघडली. सोमवारी मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. मी ते पत्र घेऊन मागच्या खोलीत पळाले आणि इतकी किंचाळले की चाचा लूम थांबवून बाहेर आले. "क्या हुआ, बिटिया? पास?"

"पास, चाचा!"

सोमवारी पुण्यातल्या ऑफिसात बसलेल्या बाईंना पप्पांनी न राहवून विचारलंच. "चौथा नंबर होता हो हिचा. आधीच्या तिघांचं काय झालं?" आवाजात काळजी होती. त्यांना खरंच वाटत होतं की कोणी वारलं.

"काही नाही," बाई कागद चाळत म्हणाल्या. "एकीची डी.एड.ला झाली, एक इंजिनिअरिंगला गेला, एकीने घराजवळच बी.कॉम. घेतलं. सगळ्यांनी सेफ म्हणून ॲडमिशन घेऊन ठेवलेली, कॉलेजं सुरू झाली, आता घरचे सोडू देईनात. दर वर्षी असंच होतं. तुमच्या मुलीने कुठे घेतली नव्हती का?"

मी पप्पांकडे बघत होते. त्यांनी फाइल उघडली, सहा झेरॉक्स टेबलावर ठेवल्या.

"नाही," ते म्हणाले. "आम्ही मुद्दामच ठेवली नव्हती."

मुद्दामच! बाहेर चहा पिताना मी ते तसंच सोडून दिलं, कारण चहाचे पैसे तेच देत होते. परतीच्या एसटीत त्यांनी ते शेजारच्या माणसाला सांगितलं. गावात शिरेपर्यंत त्यात धोरण आलं होतं. मामाला सांगताना तर हेडक्लार्कचं नावच गळालं. मामाने काश्मीरचा फोटो परत दिला आणि म्हणाला, "चांगला आलाय तसा. ठेवा, पुडं लागंल."

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या रविवारी मी घरी असताना आमच्या गल्लीतले एक काका त्यांच्या मुलीला घेऊन घरी आले. तिला गायचंय. पप्पांनी तिला समोर बसवलं, बँकेच्या स्लिपसारखाच एक कागद घेतला आणि तीन चौकोन काढले.

"हे बघ, पोरी. सगळ्यात आधी खिशातलं भर."

मी भाजी चिरत होते. तिथूनच ओरडले, "आणि कपाटात ठेव!"

मशीनच्या वरून गेला आवाज. पप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण आईला भाकरी थापता थापता हसू आवरेना, आणि यावेळी तिचा हात थांबला.