गयाबाईचे औषध आणि चौदा वर्षांचा हक्क

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी माझी खालची पापणी अंगठ्याने ओढली, क्षणभर आत पाहिले आणि म्हणाले, "जाँडिस." एखाद्या अपरिचित ग्रहाचे नाव ऐकावे तसे मी हात जोडले. तेव्हा त्यांनी खुलासा केला. जाँडिस म्हणजे कावीळ. लिव्हर, म्हणजे यकृत, बिघडले की पित्त रक्तात उतरते आणि मनुष्य पिवळा पडतो.

वास्तविक पिवळेपणा मला आधीच दिसला होता. परंतु नित्य पूजेत हळद आणि केशरी गंध हाताळणाऱ्याने पिवळ्या तळव्यांचे आश्चर्य ते काय करावे? उलट देवाचा रंग भक्तास लागला, असे समजून मी काहीसा सुखावलो होतो. आमच्या कुटुंबाने तो भ्रम फार दिवस टिकू दिला नाही. "हळद मीही रोज वाटते, मी नाही पिवळी झाले. अहो, आरशात डोळे पाहा, आणि मग दवाखान्यात चला."

ज्यांना पुढे हा आजार व्हायचा असेल, त्यांनी डॉक्टरांचे शब्द ध्यानात ठेवावे: "तेल-तूप बंद. पडून राहा. माझ्याकडे यावर खास औषध नाही, शास्त्रीबुवा. बहुतेक काम शरीरच करील." औषध नाही असे सांगणारा वैद्य मी प्रथमच पाहिला. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्याच क्षणी.

बाहेर ओसरीवर, केवळ भूक लागावी म्हणून मिळणाऱ्या सौम्य कडू काढ्याची वाट पाहत मी बसलो. तो भाद्रपद होता. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला होता आणि आमच्या काळ्या मातीला असा काही मान आला होता की, शेतातली बोंडे उमलण्यापूर्वीच त्यांचे सौदे होत. शेजारी हिवरखेडचे एक पाटील होते. त्यांच्या छातीवर सोन्याच्या साखळीचे घड्याळ पाहून मी वेळ विचारली.

"टाइम नाई दाखवत थे, महाराज. बैलानं पाय देला त्याच्यावर. पन चमकते चांगलं." मग माझ्या डोळ्यांकडे निरखून म्हणाले, "कावीळ हाये न? भातकुलीच्या गयाबाई माळणीकडं जा. तीन रविवार घ्या लागते, अनशापोटी. पन पाल्याचं नाव इचारू नोका. नाव समजलं का गुन गेला."

ही चाल आमच्या भागात सर्वमान्य होती. औषध देणाऱ्याने नाव उच्चारू नये, घेणाऱ्याने विचारू नये आणि ज्याला नाव कळले त्याला औषध लागू पडत नाही. आयुष्यभर शास्त्राध्ययन केलेल्या मला याचा आधार कोठे सापडला नव्हता. पण मनुष्य पिवळा असताना आधार शोधत बसत नाही.

गयाबाई वृद्ध, सडसडीत आणि बोलायला तिखट. भातकुलीच्या वेशीपाशी त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा. पहिल्या रविवारी त्यांनी मला पूर्वेकडे तोंड करून बसवले आणि डोळे मिटायला लावले. "नाक बी मिटा, महाराज. तुमी शिकेल मानूस, वासावरून ओळखसान." ताकात वाटलेला तो रस कडू होता. दक्षिणा मात्र त्यांनी परत केली. "पैसा घेतला त माह्या सासूचा शाप हाये मले."

दुसऱ्या रविवारापूर्वी अकोल्याच्या जुन्या शहरातील मोतीशेठ घरी आले. हे कापसाचे दलाल. त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि उत्तराची वाट न पाहता विषय काढला. सरकारने नवा कायदा केला होता. एखाद्याने नवी युक्ती काढली तर चौदा वर्षे ती करण्या-विकण्याचा हक्क केवळ त्याचाच. शेठजींना त्या कायद्याखाली गयाबाईचे औषध बाटलीत भरायचे होते. "पूरे वऱ्हाड में कावीळ है, महाराज. गाडीवाले, हमाल, सगळे पिवळे. बाईंचा अर्ज तुम्हीच लिहा, तुमच्यासारखी भारदस्त भाषा कोणाची नाही."

चौदा वर्षे म्हटल्यावर माझ्या मनात प्रभू रामचंद्रांखेरीज दुसरे काही येईना. वनवास त्यांनी भोगला तो स्वतः. येथे तो औषधाला व्हायचा होता. परंतु स्वतः गयाबाईच अर्जास राजी आहेत, हे ऐकून मी चकित झालो.

त्यांचे म्हणणे साधे होते. "सून हात लावत नाई पाल्याले. लेक दूर देली. उद्या मी मेली त हे संगं जाईन. सरकारच्या कागदात राहीन त उरंल तरी."

अर्ज लिहिण्यास मी बसलो. अडचण एवढीच की, वस्तू, प्रमाण आणि कृती हे सारे अर्जात स्पष्ट लिहावे लागते, आणि माझे दोन रविवार बाकी होते. चुकूनही नाव कानी पडले की माझा गुण गेला! अखेर देवाच्या वातींसाठी ठेवलेला कापूस मी दोन्ही कानांत कोंबला. ज्या कापसासाठी सातासमुद्रापलीकडच्या गिरण्या तळमळत होत्या, तो माझ्या कानांत होता. गयाबाई नाव गाळून सांगत, शेठजी खुणा करत आणि मी लिही, "अमुक वनस्पतीचा पाला, तमुक इतका, अमक्या रीतीने वाटून." भाषा भारदस्त होती, यात शंका नाही. अर्थ मात्र तिच्यात कोठेही नव्हता.

तिसरा रविवार पार पडला. डोळे निवळले, भूक लागली. मग शेठजींच्या बैलांच्या दमणीतून आम्ही तिघे सरकारी कचेरीत गेलो. तेथे इंग्रजी जाणणारे एक कारकून होते. कलकत्त्यास पाठवण्यापूर्वी अर्जाचे भाषांतर ते करणार होते. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"ही अमुक वनस्पती कोणती?"

"तुमाले सांगू, न उद्या तुमालेच कावीळ झाली त?" गयाबाई म्हणाल्या.

"मग सरकारला कसे सांगणार?"

"सरकारले होते काय कावीळ?"

कारकुनांनी शांतपणे पुढे विचारले, "बरे, युक्ती नवी आहे ना?"

शेठजी घाईने म्हणाले, "बिलकुल नई! कोरी नवी!"

"नई कायची? माह्या सासूच्या सासूपासून हाये!"

शेठजींनी कपाळाला हात लावला. गयाबाईंना अजून एक शंका होती. "न मंग कागद झाल्यावर मी कोनाले फुकट देलं त?"

"ती चोरी होईल, बाई," शेठजी कळवळून म्हणाले. "हक्क आपल्या बाटलीवाल्या कंपनीचा."

"माह्या औषधाची चोर मीच काय?"

कारकुनांनी तेव्हा कायदा समजावून दिला. तो मला समजला तसा सांगतो. इंग्रजीत या हक्कास पेटंट म्हणतात. सरकार तो देते ते कोणास धनिक करण्यासाठी नव्हे, तर नवी विद्या लोकांपुढे यावी म्हणून. विद्या उघड लिहून द्यावी, त्याबद्दल काही वर्षे हक्क भोगावा, मग ती सर्वांची. आणि जी मुळातच जुनी, ती आजच सर्वांची. ऐकता ऐकता त्या परक्या कायद्याविषयी मला आदर वाटू लागला. एका हाताने मान देऊन दुसऱ्या हाताने तो ज्ञान मागून घेत होता. आमची चाल मात्र ज्ञान मागूही देत नव्हती.

"म्हणजे कोणीही बाटली भरावी?" शेठजींनी विचारले.

"कोणीही. आपणही. फक्त दुसऱ्यास अडवता येणार नाही."

"मग कशाला भरू?" म्हणून शेठजी उठले.

परतताना गयाबाईंनी अर्जाचा कागद घडी करून पदराला बांधला. मग म्हणाल्या, "सर्वांची म्हंजे कोनाचीच नाई न, महाराज? जपंल कोन?" तो प्रश्न माझ्या यकृतापेक्षाही आत गेला. औषध नवे नाही म्हणून कायद्यापाशी त्याला मान नव्हता. आणि चालीपाशी वारस नव्हता.

त्या रात्री जपाला बसलो असता मला मार्ग दिसला. गुपित फुटले तर गुण जाईल, हे मान्य. परंतु दान दिलेली वस्तू फुटत नाही, ती पोहोचते. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला की गाय, भूमी, सुवर्ण, सारे दुसऱ्याचे होते. मग औषध का होऊ नये? सकाळी भातकुलीस जाऊन हे सांगितले, तेव्हा गयाबाई म्हणाल्या, "न सासूचा शाप?"

"शाप पैसा घेण्यावर आहे. येथे आपण देत आहात."

भातकुलीच्या मारुतीसमोर गाव जमले. मी संकल्प सांगितला आणि गयाबाईंनी उदक सोडले. अटी दोनच: औषधाचे मोल घेऊ नये, आणि देताना आधी गयाबाईचे नाव घ्यावे. मग त्यांनी पदराखालून पाल्याची जुडी काढून उंच धरली. भुईआवळी!

मला वाटले, लोक थक्क होतील. कोणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एक म्हातारा म्हणाला, "माह्या वावराच्या धुऱ्यावर लय हाये थे." दुसरा म्हणाला, "मले त मायनं सांगतलं होतं." मग एकमेकांकडे पाहून सगळेच ओशाळे हसू लागले. प्रत्येकास ठाऊक होते आणि शेजाऱ्याचा गुण जाऊ नये म्हणून प्रत्येकजण ते त्याच्यापासून राखून होता.

"मेल्याहो," गयाबाई ओरडल्या, "मंग इतके वर्स माह्या दारात काहून येत होते?"

"तुह्या हाताले गुन हाये, माय," म्हातारा म्हणाला.

गयाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी आमच्या कुटुंबाकडे वळलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी आपल्या तुळशीपाशी उगवलेली रोज उपटते. सांगितले असते तर तुम्हाला गुण आला असता का?"

पुढे डॉक्टरसाहेबांना हे सारे कळवले. ते हसून म्हणाले, "इतकी विश्रांती आणि पथ्य पाळल्यावर नुसत्या ताकानेही बरे झाला असता, शास्त्रीबुवा." असेलही. ज्यांना हा आजार होईल त्यांनी डॉक्टरांचे पथ्य आधी पाळावे, आणि मग ज्याचे त्याने पाहावे. मी दोघांचाही ऋणी आहे.

गयाबाई जाऊन आता बराच काळ लोटला. मध्यंतरी अकोल्यास जाणे झाले. मोर्णा नदीच्या काठी एक अनोळखी बाई एका पिवळ्या पडलेल्या हमालास वाटीतून रस पाजत होती. आधी डोळे मिटून ती पुटपुटली, "गयाबाईचं हाये." मी विचारले, "ही गयाबाई कोण?"

"देवी हाये, महाराज. भातकुलीकडची. लय कडक. पैसा घेतला त कोपते."

मी हात जोडले.