खऱ्या गाईची वसुबारस

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. बरं, हसलात तरी चालेल, पण हातातला चहा खाली ठेवा. हा किस्सा निघाला की माझ्या वहिनीला दर वेळी ठसका लागतो, आणि ती तर तिथे हजर होती.

मी स्कॉटलंडहून नुकतीच परत आले होते. प्राण्यांचं वर्तन हा माझा विषय, त्यातली ताजी पदवी, आणि डोक्यात जग बदलायचा बेत. परत म्हणजे सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये. तिथे आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं राहतात, सहा वर्षांची इरा आणि तीन वर्षांचा नील. आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की या मुलांना गाय म्हणजे दुधाच्या खोक्यावरचं चित्र. झालं! शिकून आलेल्या माणसाला सुधारायला कोणीतरी लागतंच. मला ही दोघं सापडली.

त्यात वसुबारस आली. त्या दिवशी आईचा उपवास असतो, नातवंडांसाठी. गाय-वासराची पूजा झाल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही. आता बाराव्या मजल्यावर गाय कुठून आणणार? म्हणून ती दर वर्षी पाटावर रांगोळीने गाय आणि वासरू काढते, त्यांनाच हळदकुंकू वाहते, मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाते. इतकं सुटसुटीत. कुणाचं काही अडत नव्हतं.

माझं अडलं. मी जाहीर केलं, "चित्राची पूजा करून मुलांना काय कळणार? यंदा खरी गाय आणि खरं वासरू. मी दाखवते."

"अगं, ही पूजा संध्याकाळची असते," आई म्हणाली.

"संध्याकाळी ती बाग बंद होते. आणि वेळ बदलली म्हणून गाय थोडीच बदलणार आहे?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

बाग बेटाच्या उत्तरेला, शेतांच्या बाजूला. मुलांनी प्राण्यांना हात लावायचा, चारा भरवायचा, अशी. दादा ऐन वेळी ऑफिसच्या कॉलवर अडकला, म्हणून टॅक्सीत आम्ही तिघी आणि मुलं. आई उपाशी, पण खुशीत. खऱ्या गाईला हात लावून तिला किती वर्षं झाली होती, तिचं तिलाच आठवत नव्हतं. फुलांचा हार तिने मांडीवर जपून धरला होता.

दारातच एक फायबरची गाय उभी. तिला रबराची आचळं, पिळली की पांढरं पाणी येतं. शेजारी फायबरचंच वासरू. दोघांच्या पोटावर एकेक बटण, दाबलं की ज्याचं ते हंबरतं. मुलं जी चिकटली ती हलेनात. इराने तर बादली भरत आणली.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं की ही खोटी गाय आहे, आणि खोट्या गाईकडून खरं काही शिकता येत नाही. वहिनी म्हणाली, "असू दे गं, मजा येतेय तिला." त्यावर मी म्हटलं की मजा वेगळी, शिक्षण वेगळं. खरंच म्हटलं. वहिनीकडे व्हिडिओ आहे.

आत गेलो आणि माझं मन भरून आलं. छातीइतक्या उंच लाकडी फळ्यांचं कुंपण, पलीकडे तांबूस पाठ, मोठं वशिंड, शांत डोळे. आणि तिला बिलगून तसंच एक छोटुकलं. जणू आईच्या पाटावरची रांगोळीच उठून उभी राहिली होती. आईने तिथूनच हात जोडले.

मी पूजेची पिशवी कुंपणावरच्या एका पाटीवर अडकवली आणि तिथल्या राखणदार मुलीला इंग्रजीत वसुबारस समजावून सांगितली. तिने डोकं खाजवलं. "फ्लॉवर कॅन," ती अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "पावडर कॅनॉट. फायर कॅनॉट." म्हणजे कुंकू नाही, निरांजन नाही. चालेल. मग ती म्हणाली, "बट मिस, अ‍ॅक्च्युअली अह..." मी तिला हसून थांबवलं आणि माझी पदवी सांगितली.

इरा फळ्यांच्या फटीतून डोकावत होती. "आत्या, व्हेअर इज द मिल्क पार्ट?"

"देशी गाईचं लहान असतं, बाळा," मी न बघताच सांगितलं.

आईही म्हणाली, "मला हे वशिंड जरा..."

"आई, तू उपाशी आहेस. बोलून दमू नकोस."

पूजा सुरू झाली. छोट्याच्या गळ्यात हार घातला, तो गाईने खाऊन टाकला. लोक जमले. त्यांना वाटलं बागेचाच कार्यक्रम आहे. मीही मागे हटले नाही. इंग्रजीत मातृत्वावर बोलले, आईचं वासराशी नातं, स्पर्श, वात्सल्य. एका चिनी आजींनी डोळे पुसले आणि फूल वाहायला रांगेत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात फळ्यांच्या फटीतून माझ्या पायावर काहीतरी गरम उडायला लागलं.

"घाबरू नका," मी सगळ्यांना धीर दिला, "गोमूत्र आहे, पवित्र असतं."

इरा खाली बसली होती. तिने शांतपणे सांगितलं, "आत्या, वी-वी इज कमिंग फ्रॉम द मिडल."

सगळी रांग एकदम खाली वाकली. मीही वाकले. पोटाच्या बरोब्बर मधून धार लागली होती.

"धिस गोमाता इज बॉय, लाह," इरा म्हणाली.

चिनी आजींनी वाहायला आणलेलं फूल परत पर्समध्ये ठेवलं.

मी घाईघाईने पाटीवरची पिशवी काढली. पिशवीखाली सगळं लिहिलेलं होतं. बुटक्या जातीचे दोन बैल. मोठा दिसतो तो मुलगा. छोटा, ज्याला मी वासरू म्हणून कुरवाळत होते, तो त्याचा बाप.

वहिनीने फार प्रेमाने विचारलं, "हा भाग तू ऑप्शनला टाकला होतास का गं?"

मला मात्र आईकडे बघवेना. सकाळपासून उपाशी, हार बैलाने खाल्लेला, आणि पाटावरचं गाय-वासरू मी या वर्षी काढूच दिलं नव्हतं. पण आई रागावली नाही. तिने उरलेली फुलं गोळा केली आणि तडक दाराकडे निघाली. थेट फायबरच्या गाईपाशी.

"आई, ती खोटी आहे," मी म्हटलं. सवय जात नाही हो.

"असू दे. हिला निदान आचळं तरी आहेत."

हळदकुंकू लागलं, इराने फुलं वाहिली, नीलने वासराचा पापा घेतला. आईच्या चेहऱ्यावर अखेर जेवणाचा विचार दिसला. मुलांनी खऱ्या प्राण्यांत रमावं, हे माझं मत आजही ठाम आहे. पण त्या दिवशी माझ्या शिक्षणाचा घराला झालेला उपयोग एवढाच की आई नमस्कार करेल तेव्हा बटण दाबून गाय हंबरवायची.

आई वाकली. मी भलतंच बटण दाबलं. वासरू हंबरलं.

इराने माझ्याकडे बघून मान हलवली. "आत्या, यू नेव्हर स्टडी, अह?"