मी हरवलेला बेसबॉल संघ

जर्मनीतल्या हायडेलबर्गजवळच्या एका गावाच्या बेसबॉल संघाला मी एकट्याने हरवलं. दुःख एवढंच, की मी त्याच संघाकडून खेळत होतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो. मी आणि माझी बायको मालती हेर (म्हणजे श्रीयुत) लाम्ब्रेख्ट यांच्या बेकरीच्या माडीवर भाड्याने राहायचो. अमेरिकन सैनिकांनी मायदेशी जाताना हेर लाम्ब्रेख्टना चार बॅटी आणि पोतंभर हातमोजे दिले होते. तेवढ्या भांडवलावर या भल्या माणसाने न्हावी, सुतार, शेतकरी गोळा करून संघ काढला. पाच वर्षांत संघ एकदाही जिंकला नाही! आणि आता महिनाअखेरीला मैदानावर घरं बांधायची ठरली होती. मैदान गेलं की संघही गेला.

"एकदाच जिंकायचंय हो, हेर जोशी," ते म्हणाले. सामन्याच्या आदल्या दिवशी न्हाव्याचा हात मुरगळला होता आणि एक गडी कमी पडत होता. "तुम्हाला येतं का?"

"बॅटबॉलच ना? लहानपणापासून खेळतोय!"

"नियम समजावून सांगू?"

"छे हो! आमच्याकडे शेंबडी पोरंसुद्धा खेळतात."

(कॉलेजच्या क्रिकेट संघात मी पाणी नेऊन द्यायचो. मालतीला हे ठाऊक होतं.)

रविवारी शेजारच्या गावाशी सामना झाला. माझी पाळी तीनदा आली आणि तिन्ही वेळा चेंडू बॅटला लागलाच नाही, त्यामुळे अज्ञान झाकून राहिलं. बाकीचे कसे पळतात ते तरी बघावं ना! पण त्या वेळी मी मालतीला खेळ समजावून देत होतो.

शेवटचा डाव आला. बरोबरीला एक धाव, जिंकायला दोन. आमचा एकच गडी बाद व्हायचा राहिला होता. तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, स्वतः हेर लाम्ब्रेख्ट उभे, आणि बॅट माझ्या हातात. मी डोळे मिटून फिरवली, आणि काय सांगू! चेंडू थेट बिटाच्या शेतात!

मी पळालो. बॅट घेऊनच पळालो. पहिल्या टप्प्याला बॅट टेकवली, गर्रकन वळलो आणि आलो तसा परत! कडेला मालती उड्या मारत होती, "दोन! अहो, दोन झाल्या!" सगळ्या मैदानात खेळ समजलेली तेवढी एकच!

हेर लाम्ब्रेख्ट हात पसरून घरच्या टप्प्यावर, म्हणजे बॅट फिरवायच्या जागी, पोचले होते. समोरून मला येताना बघून त्यांचे हात तसेच हवेत राहिले.

"तुम्ही इथे काय करताय?"

"जिंकलो ना!"

"पुढे पळा! चारही टप्पे, गोल!"

तोवर बिटातून चेंडू आला होता. पलीकडचा एक गडी तो घेऊन रमतगमत पहिल्या टप्प्यावर जाऊन उभा राहिला. मी बाद! आणि मी तिथे पाय न टेकवता बॅट टेकवली होती, म्हणून नियमाप्रमाणे हेर लाम्ब्रेख्ट यांची धावही रद्द!

संध्याकाळी मी माफी मागायला बेकरीत उतरलो. ते पीठ मळत होते.

"हे बघा, चूक माझी," ते मान खाली घालून म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात तरी सांगायला हवं होतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर आलो तर मालती म्हणाली, "अहो, एवढी जर्मन शिकलात. 'मला येत नाही' हे तीन शब्द मराठीत तरी कधी म्हणाल?"



मात्र आम्हाला हरवणारा कप्तान मोठ्या मनाचा निघाला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "असं जिंकण्यात मजा नाही," म्हणाला, "पुढच्या रविवारी परत येतो."

माझ्या जागी गावच्या पोस्टमनला घेतलं. त्याने आल्याआल्या सांगितलं, "मला यातलं काहीसुद्धा येत नाही." हेर लाम्ब्रेख्टनी त्याला पाच दिवस शिकवलं. कुठे पाय टेकवायचा, बॅट कुठे टाकायची, सगळं.

आणि आम्ही जिंकलो! हेर लाम्ब्रेख्ट मैदानाच्या मधोमध बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. संघाच्या सबंध इतिहासातला तो एकमेव विजय, आणि त्याचं निम्मं श्रेय मी आजही हक्काने घेतो. त्या दिवशी मी खेळलो नव्हतो!